देवाच्या पंक्तीला

कराडच्या माणसाला नदी समजावून सांगावी लागत नाही. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना भिडतात आणि मग दोघी मिळून पूर्वेकडे वळतात, हे तो पायांवर उभा राहिल्यापासून पाहत असतो. मीही पाहत आलो. परंतु ही नदी खाली ज्या ज्या देवांच्या पायऱ्या धुते, त्यांच्या पानात काय वाढतात आणि त्यांच्या पंक्तीला कोण बसत आले, हा प्रश्न मात्र चाळिशी उलटेपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही धंद्यांत माणूस लढाया आणि लग्ने यांच्यापलीकडे सहसा जात नाही. जेवणाचे पान त्याच्या नजरेतून सुटते.

माझ्या आईमुळे ते माझ्या नजरेस आले. तिचे वडील बैलगाडीने हळद घेऊन हरिपूरला जात. बहात्तरावे वर्ष लागल्यावर एके दिवशी ती म्हणाली, "माझ्या बाची वाट एकदा दाव मला." तेव्हा २०२४ च्या मार्गशीर्षात मी शाळेतून दोन दिवसांची रजा काढली, मेव्हण्याने आपली जीप काढली, आणि आई, सौभाग्यवती, दोन्ही मुले आणि मी असे आम्ही कृष्णेच्या काठाने खाली निघालो. येताना चंपाषष्ठीला पालीच्या खंडोबाला जायचे, हेही ठरले होते.

निघताना आईने पाच भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून घेतली. "वाटेत देवळांतून प्रसाद मिळेल की," असे सौ. म्हणाली. आईने उत्तर दिले नाही. आई देवळात जाते, हात जोडते, घंटा वाजवते. परंतु देवळाच्या पंगतीत ती कधी जेवत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. का, हे ठाऊक नव्हते.

पहिला मुक्काम बहे गावी, नदीच्या पात्रातल्या रामलिंगाच्या बेटावर. समर्थांनी १६५० च्या आगेमागे या मुलुखात जे अकरा मारुती स्थापिले, त्यांतला एक येथे आहे. तेथून औदुंबर. नृसिंहसरस्वतींनी येथे एक चातुर्मास काढला असे सांप्रदायिक मंडळी मानतात. पलीकडच्या तीरावर भिलवडी. घाटाच्या पायऱ्यांवर बसले की पाणी इतके संथ दिसते की, हीच नदी २००५ साली आणि २०१९ साली घरांच्या छपरांपर्यंत चढली होती, यावर विश्वास बसू नये.

गुरुवार होता, आणि मार्गशीर्षातला गुरुवार म्हणून सौ.चा उपवास होता. तिने डबा उघडला. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू. आमच्या कन्येने विचारले, "बाबा, स्वामींना साबुदाण्याची खिचडी आवडायची का?"

मास्तराला असा प्रश्न विचारू नये. नृसिंहसरस्वतींचा काळ चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंतचा. वास्को द गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तो १४९८ साली, आणि पोर्तुगीजांनी गोवे घेतले ते १५१० साली. बटाटा, भुईमूग, रताळे, मिरची ही सारी अमेरिकेतली पिके त्यांच्या मागोमाग आपल्याकडे आली. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही मूळचा तिकडचाच, आणि दक्षिणेत सेलमकडे त्याचे कारखाने निघाले ते तर १९४० नंतरच्या दशकात. म्हणजे ज्या स्वामींसाठी भक्त गुरुवार धरतात, त्यांनी ही खिचडी डोळ्यांनीही पाहिली नसणार. डब्यातली वरी तेवढी जुनी, आपल्या मातीतली.

सौ. थोडी हिरमुसली. परंतु मला यात हिरमुसण्यासारखे काही वाटत नाही. परक्या मुलुखातून आलेल्या कंदाला आमच्या आज्यांनी चार पिढ्यांत इतके सोवळे करून घेतले की तो थेट उपवासाच्या ताटात जाऊन बसला. कोणी त्याचे कूळ विचारले नाही. बटाट्याला जे इतके सहज साधले, ते माणसांना साधले का, हे मात्र त्या वेळी माझ्या मनात आले नाही. ते दुपारी आले.

दुपारी हरिपुरात पोचलो. सांगलीलगतचे हे गाव. कृष्णा आणि वारणा यांचा येथे संगम, काठावर संगमेश्वराचे जुने देऊळ. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. परंतु आईला संगमही पाहायचा नव्हता आणि देवलांचे गावही. तिला पेवे पाहायची होती. हळदीची पेवे म्हणजे जमिनीत खणलेल्या खोल कोठ्या. तोंड अरुंद, पोट मोठे. येथली माती अशी चिवट की भिंतीला वीट लागत नाही आणि आत ओल शिरत नाही. हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकले की ती वर्षानुवर्षे कीड न लागता राही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील खाली सोडून आतली हवा पाहत. कंदील विझला तर माणूसही विझणार. २००५ च्या पुराने यांतली पुष्कळ पेवे खचली, आणि पुढे गोदामे आली, शीतगृहे आली. आता जागा दाखवायलाही गावातला म्हातारा माणूस गाठावा लागला.

खचलेल्या एका खळग्याशी आई बराच वेळ उभी राहिली. मग तेथेच एका दगडावर बसून तिने फडके सोडले आणि बोलू लागली.

ती आठ वर्षांची होती. म्हणजे १९६० साल. बापाबरोबर हट्टाने गाडीत बसून आली होती. वाटेत कृष्णाकाठच्या एका क्षेत्री मुक्काम पडला. उत्सवाचा दिवस होता, महाप्रसाद होता. देवळात सर्वांना जाता येत होते. कायद्यानेच तसे होते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून सानेगुरुजींनी १९४७ साली उपोषण केले होते, त्याच वर्षी मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि १९५० साली राज्यघटना आली. देवाचे दर्शन उघडे झाले, परंतु पान उघडे झाले नव्हते. आई आतल्या ओवरीत मांडलेल्या पंक्तीत जाऊन बसली. वाढप्याने दंडाला धरून उठवले आणि भिंतीबाहेर, गाड्या सोडल्या होत्या तेथे, बापाशेजारी बसवले. त्यांची पत्रावळ तेथे आली. वरण वरून, हात उंच धरून वाढले. बाप मुकाट्याने जेवला. आईने पत्रावळ बैलापुढे ठेवली.

"देवावर रुसलीस?" माझ्या मुलाने विचारले.

"देवावर कशापायी रुसू? वाढपी का देव हुता?" आई म्हणाली, "पर तवापासनं घास उतरंना, त्याला मी काय करू?"

आम्ही सर्वांनी तिच्या भाकरीतला तुकडा तुकडा खाल्ला. सौ.चा उपवास होता म्हणून ती नुसती जवळ बसून राहिली.

रात्री नरसोबाच्या वाडीला मुक्काम केला. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम, औदुंबराखाली पादुका. पुराचे पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून वाहिले की लोक त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करतात. बाजारात बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. दोन नद्यांमधल्या वैरणीवर म्हशी पोसल्या, आणि यात्रेकरूंमुळे दुधाला गिऱ्हाईक मिळाले. भिलवडीला चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा धंदा मांडला तोही याच पट्ट्याच्या बळावर. वाडीच्या देवळाचा एक गंमतीचा भाग असा की, त्याला नेहमीचे शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आली म्हणून ते बांधविले आणि औरवाड व गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी आख्यायिका आहे.

मला मात्र त्या रात्री गुरुचरित्रातली घेवड्याची कथा आठवत राहिली. पलीकडच्या तीरावर अमरापुरात एक दरिद्री ब्राह्मण राही. घरात धान्याचा दाणा नाही, अंगणात एक घेवड्याचा वेल. स्वामी त्याच्याकडे भिक्षेला गेले, शेंगांची भाजी जेवले, आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. बायको रडू लागली. पुढे बुंधा खणताना द्रव्याचा हंडा सापडला. लोक हंड्यासाठी ही कथा सांगतात. मला तिच्यात हंड्यापेक्षा भाजी मोठी वाटते. ज्याच्या घरी काही नाही त्याच्या दारी जाऊन, जे असेल ते जेवणारा गुरू ज्या काठाने पाहिला, त्याच काठावर पुढे आठ वर्षांच्या मुलीला दंड धरून उठवले गेले.

शुक्रवारी खिद्रापूरला गेलो. कोपेश्वराचे हे देऊळ शिलाहारांच्या काळचे, बाराव्या शतकातले. स्वर्गमंडपाला मध्ये छत नाही. गोल आभाळ दिसते, आणि त्याखाली खांबांची वर्तुळे उभी आहेत. महादेवासमोर नंदी नाही, तो नदीपलीकडे यडूरला आहे असे सांगतात. शिलाहार भोजाचा पाडाव करून यादव सिंघणाने हा मुलूख घेतला आणि १२१३ च्या सुमारास देवाच्या पूजेसाठी मिरज देशातले कूडलदामवाड नावाचे गाव दान दिले. तो लेख देवळातच आहे. असा लेख वाचताना आम्ही राजाचे नाव टिपतो, शक टिपतो आणि पुढे जातो. परंतु गाव दान दिले म्हणजे काय? त्या गावच्या रानात पिकलेले देवाच्या मुदपाकखान्यात आले. कोणीतरी नांगरले, कोणीतरी कांडले, कोणीतरी डोक्यावरून वाहून आणले. त्यांतले पंक्तीत कोण बसले, हे शिळेवर लिहिण्याची चाल नव्हती.

शनिवारी उंब्रजवरून पालीला गेलो. तारळीच्या काठचा हा खंडोबा. पौषात येथे त्याचे म्हाळसेशी लग्न लागते आणि सगळी वाट हळदीने पिवळी होते. आदल्या परवा पाहिलेली पेवे मला तेथे पुन्हा आठवली. जी हळद माझ्या आजोबांनी गाडीतून वाहिली, तिचाच हा भंडारा. तो उधळणाऱ्याचा आणि ज्याच्या कपाळी पडतो त्याचा विचार करत नाही. या देवाचा संसारही तसाच पसरलेला. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बानू धनगराची. देव दोन्ही चुलींवरचे जेवतो.

चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी आणि कांदालसूण चंपाषष्ठीला सुटतात, आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. वांगे आपल्या देशातले, त्यातली मिरची परदेशातली. देवाने भेद केलेला नाही. देवळाबाहेर झाडाखाली एका कुटुंबाने तीन दगडांची चूल मांडली होती. त्यांना तळी उचलायला माणूस कमी पडत होते. त्यांनी आमच्या मेव्हण्याला हाक मारली. तळी उचलून झाली, आणि त्या घरच्या बाईने काही न विचारता आमच्याही हातावर रोडगा आणि भरीत ठेवले. आईच्याही ठेवले.

मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले. थोड्या वेळाने आईचा आवाज आला, "मीठ कमी पडलंय गं." ती बाई हसली आणि चिमूटभर मीठ घेऊन आली. आईने सगळे खाल्ले.

घरी आल्यावर हा लेख लिहायचे मनात आले, तेव्हा मी आईला आधी विचारले. ती म्हणाली, "लिही. पर त्या क्षेत्राचं नाव घालू नगंस. वाढपी कवाच गेला असंल. त्याच्या नातवंडांनी काय केलंय?"

म्हणून नाव घातलेले नाही.