इंग्रजी कोशांतील भूतशब्द

जुने इंग्रजी ग्रंथ वाचणाऱ्यास दोन प्रकारचे अपरिचित शब्द भेटतात. कांहीं शब्द एके काळीं लोकांच्या तोंडीं होते, पुढें त्यांचा वापर सुटला, आणि आतां ते केवळ कोशांत उरले आहेत. त्यांस मृत शब्द म्हणतां येईल. मृताचें चरित्र लिहितां येतें, कारण तो एकदां जिवंत होता. दुसरा प्रकार विलक्षण आहे. हे शब्द कोशांत आहेत, त्यांचे अर्थ दिलेले आहेत, कांहींची व्युत्पत्तिही सांगितलेली आहे. परंतु कोशांत शिरण्यापूर्वीं ते कोणाच्याही तोंडून निघालेले नाहींत. लेखकूच्या चुकीनें, छापखान्यांतील जुळाऱ्याच्या नजरचुकीनें किंवा संपादकाच्या अतिशहाणपणानें ते जन्मास आले आणि कागदावरच वाढले. केंब्रिज येथील अँग्लो-सॅक्सन भाषेचे अध्यापक वॉल्टर स्कीट यांनीं इ. स. १८८६ मध्यें लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढें अध्यक्ष या नात्यानें जें भाषण केलें, त्यांत अशा शब्दांस 'घोस्ट-वर्ड' हें नांव दिलें. मराठींत त्यांस 'भूतशब्द' म्हणण्यास हरकत नसावी. मात्र 'भूत' याचा 'झालेलें, होऊन गेलेलें' हा संस्कृतांतील अर्थ येथें घेऊं नये, लौकिक अर्थच घ्यावा. कारण हे शब्द मुळीं झालेलेच नाहींत.

आमच्या वैयाकरणांनीं शब्द व अपशब्द असा भेद केला आहे. 'गौः' या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता असे अपभ्रंश पतंजलीनें महाभाष्यांत सांगितले. परंतु अपशब्द कितीही अशुद्ध असला तरी तो बोलणारा कोणी तरी असतो. भूतशब्दास बोलणाराच नसतो. नैयायिकांचे 'खपुष्प' व 'शशशृंग' घेतले तर तेथें शब्द खरा आहे, वस्तु मात्र नाहीं. भूतशब्दाच्या ठिकाणीं पुष्कळदां नेमकें उलट आढळतें. वस्तु खरी असते, शब्द नसतो. याचें ठळक उदाहरण म्हणजे 'अबॅकॉट'.

इ. स. १४६४ मध्यें हेक्सम येथें इंग्लंडचा राजा सहावा हेन्री याच्या पक्षाचा मोड झाला. राजा निसटला, पण त्याची टोपी शत्रूच्या हातीं पडली, आणि ती विजयी चौथ्या एडवर्डास नजर करण्यांत आली. पुढें व मागें टोंक असलेल्या या जातीच्या टोपीस 'बायकॉकेट' म्हणत. शब्द जुन्या फ्रेंचांतून आलेला. राजाच्या टोपीवर दोन सुवर्णमुकुट बसविलेले होते असें बखरकार सांगतात. येथवर सर्व ठीक आहे. इंग्रजींत नामापूर्वीं 'अ' हें अनिश्चितत्वदर्शक उपपद लागतें. इ. स. १५४८ मध्यें एडवर्ड हॉल याची बखर छापली गेली. तींत हें उपपद नामास चिकटून 'अबॉकॉकेट' असें एक पद झालेलें दिसतें. ग्राफ्टन यानें तें तसेंच उतरून घेतलें. होलिन्शेड यानें शेंपटी तोडून 'अबॉकॉक' केलें. त्याच्या ग्रंथाची इ. स. १५८७ ची आवृत्ति अब्राहम फ्लेमिंग यानें सिद्ध केली. त्यास हें रूप विचित्र वाटलें असावें, त्यानें सुधारून 'अबॅकॉट' लिहिलें. सतराव्या शतकांत सर हेन्री स्पेलमन या मोठ्या पुराणवस्तुपंडितानें आपल्या शब्दसंग्रहांत यास स्थान दिलें, आणि मग काय विचारावें! फिलिप्स, बेली, अ‍ॅश, टॉड असे एकामागून एक कोशकार तो शब्द घेत गेले. अर्थ असा देत कीं, इंग्लंडचे प्राचीन राजे वापरीत ती दुहेरी मुकुटाच्या आकाराची राजटोपी. एकोणिसाव्या शतकांतील कांहीं कोशांत तर 'अबॅकॉट'चें चित्रही छापलेलें आहे! इंग्रजीवरून परभाषांत अर्थ देणाऱ्या कोशांतही त्यानें प्रवेश मिळविला. ऑक्सफर्डच्या महाकोशाचे संपादक जेम्स मरे यांस 'अ' या आद्याक्षराचें काम चालू असतां हें प्रकरण उलगडलें, व तें त्यांनीं इ. स. १८८२ मध्यें 'अथीनियम' पत्रांत प्रसिद्ध केलें.

एवढ्या कोशांत आहे म्हणजे शब्द खरा असलाच पाहिजे, असें कोणीही म्हटलें असतें. परंतु हे सर्व कोश मिळून साक्षीदार एकच, आणि त्याचीही साक्ष बिघडलेली. एका आंधळ्यानें दुसऱ्याचा पदर धरावा, दुसऱ्याचा तिसऱ्यानें, याप्रमाणें चालणारी ही रांग आहे. आमच्या शास्त्रकारांनीं यासच अंधपरंपरान्याय म्हटलें. मरे यांची थोरवी त्यांच्या विद्वत्तेंत होतीच, पण येथें ती उपयोगीं पडली नाहीं. उपयोगीं पडली ती एक साधी संवय. प्रत्येक शब्दाचा लेखी वापर कालक्रमानें मांडावा आणि जुन्यांत जुना उतारा मिळेपर्यंत थांबूं नये, ही ती संवय होय. व्युत्पत्तीच्या मागें धांवणारे आमच्याकडील विद्वान् शब्द आधीं होता कीं नाहीं याची चौकशी क्वचित् करतात.

स्कीट यांनीं दिलेल्या उदाहरणांपैकीं एकाचा संबंध प्रत्यक्ष आमच्याशीं पोंचतो. 'एडिंबरो रिव्ह्यू' या त्रैमासिकाच्या १८०८ सालच्या एका लेखांत हिंदूंच्या क्रूर चालींचा उल्लेख आहे. कोणी आंकड्यावर टांगून घेतात, म्हणजे आपल्याकडील बगाड किंवा गळ. कोणी हातांतून 'काइम्स' आरपार घालतात. आणि विधवा जाळून घेतात, असें तेथें म्हटलें आहे. 'काइम' हें कोणतें हत्यार? शब्द अनोळखी, देश दूरचा, तेव्हां तें एखादें हिंदु शस्त्र असावें असें वाचकांस वाटलें तर नवल नाहीं. कांहीं काळ तो शब्द चाललाही. वास्तविक तें 'नाइव्ह्‌ज' म्हणजे सुऱ्या या शब्दाचें चुकीचें मुद्रण होतें. इंग्रजीच्या जुन्या वळणांत कांहीं अक्षरें केवळ उभ्या काड्यांचीं असत; एखादी काडी इकडची तिकडे झाली कीं सुरीची 'काइम' होते. परक्या देशाविषयीं कांहींही खरें वाटतें, ही गोष्टही अशा शब्दास जगविते.

त्याच वाक्यांत विधवादहनाचा उल्लेख यावा हा योगायोग आहे, परंतु संस्कृतज्ञास त्यावरून एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अठराव्या सूक्तांत एका ऋचेच्या शेवटीं 'अग्रे' असें पद आहे, व सायणाचार्यांचें भाष्यही त्यास अनुसरूनच आहे. सहगमनास वैदिक आधार म्हणून जो पाठ पुढें करण्यांत येत असे त्यांत त्या जागीं 'अग्नेः' होतें. कोलब्रुक यांनीं १७९५ सालीं छापलेल्या निबंधांत त्या पाठास धरूनच भाषांतर दिलें. विल्सन व माक्स म्युल्लर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मूळ पाठ दाखवून दिला. हा बदल बुद्धिपुरस्सर केलेला कीं लेखकूचा प्रमाद, याविषयीं पंडितांत मतभेद आहे, आणि चाल कांहीं त्या एका अक्षरामुळें पडली नव्हती. तथापि एका जोडाक्षराच्या फरकावर शास्त्राधार उभा राहतो. मग पाठशुद्धि हा रिकामपणाचा उद्योग आहे असें कोणी म्हणूं नये.

सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'द मॉनेस्टरी' (१८२०) या कादंबरींतील प्रकार याहून बोधप्रद आहे. तींत एक पात्र दुसऱ्यास विचारतें कीं, मरणांतून आतांच सुटलास, आणि इतक्यांत तूं हत्येचे विचार 'मोर्स' करूं लागलास काय? पुढील आवृत्त्यांतही 'मोर्स' हेंच क्रियापद छापलें गेलें. त्याचा अर्थ काय यावर पुढें विद्वान् वाचकांत चर्चा झाली. एकानें म्हटलें, जुन्या फ्रेंचांत बंदुकीच्या काना‍वर घालावयाच्या दारूस 'अमॉर्स' म्हणतात, तेव्हां 'मोर्स करणें' म्हणजे बार भरून तयार ठेवणें. दुसऱ्यानें लॅटिनांतील 'चावणें' या अर्थाचा धातु आणला, व हत्येचे विचार मनास चावत आहेत असा अर्थ बसविला. दोन्ही व्युत्पत्ति सुंदर, दोन्ही प्रकरणास जुळणाऱ्या. स्कॉट यांच्या हस्ताक्षरांतील मूळ प्रत पाहिली तेव्हां तेथें 'नर्स' म्हणजे जोपासणें, बाळगणें, हा रोजच्या वापरांतील शब्द निघाला.

या उदाहरणाकडे हस्तलिखितें जमविणारांनीं विशेष लक्ष द्यावें. छापील आवृत्त्या कितीही असोत, निकाल लागला तो एका हस्तलिखितावरून. कादंबरी छापून झाली, आतां त्या कागदांचा उपयोग काय, असें म्हणून ते टाकून दिले असते तर 'मोर्स' हा शब्द आज दोन पर्यायी व्युत्पत्तींसह कोशांत नांदला असता, आणि तो खोटा ठरविण्यास जगांत साधन उरलें नसतें. आपल्याकडे पत्र छापून झालें कीं मूळ कागदाची काळजी संपली अशी समजूत पुष्कळ घरांतून आहे. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळीत नाहींत, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं, अनुस्वार गळतात. म्हणजे वाचणारानें केलेली प्रत ही अर्धी वाचणाराची रचना असते. बाळबोधींतही घ आणि ध, भ आणि म, ख आणि रव यांचा घोटाळा कोणास ठाऊक नाहीं? अशा स्थितींत मूळ कागद गेला म्हणजे अपीलाचें न्यायालयच बंद झालें.

पदच्छेदाच्या चुकीनें झालेला इंग्रजींतील एक मासला मौजेचा आहे. पोप कवीनें 'ओडिसी'च्या भाषांतरांत प्रेतांच्या छायारूप समुदायांस 'फँटम' व 'नेशन्स' हीं दोन पदें जोडून म्हटलें होतें. जॉड्रेल नामक गृहस्थांनीं १८२० सालच्या आपल्या शब्दसंग्रहांत सामासिक पदें मधली रेघ न देतां सलग छापलीं. झालें! पुढच्या कोशकारांस 'फँटमनेशन' हें एक भाववाचक नाम दिसलें, व १८६४ सालच्या वेब्स्टरच्या कोशांत त्याचा अर्थ 'भास, भ्रम' असा आला. अर्थ चुकला असें तरी कसें म्हणावें?

सर्वच भूतशब्द मेलेले राहत नाहींत, हा या विषयांतील खरा चमत्कार होय. चॉसर कवीनें चौदाव्या शतकांत ट्रॉयलस याच्या वर्णनांत, योद्ध्यास शोभेल तें 'करण्याचें धाडस करण्यांत' तो कोणास हार जात नसे, अशा अर्थानें 'डॉरिंग डॉन' हे दोन शब्द योजिले. एक 'धजणें', दुसरा 'करणें'. लिडगेटनें त्याचें अनुकरण केलें. लिडगेटच्या सोळाव्या शतकांतील छापील प्रतींत त्याचें 'डेरिंग डू' झालें. स्पेन्सरनें तें १५७९ मध्यें शौर्यवाचक नाम समजून वापरलें. आणि स्कॉटनें १८१९ सालच्या 'आयव्हॅन्हो'मध्यें त्यास पुनर्जन्म दिला. आज 'डेरिंग-डू' हा इंग्रजींतील मान्य शब्द आहे. 'स्नीझ' म्हणजे शिंकणें याचें जुनें रूप 'फ्'पासून सुरू होणारें, 'फ्नीझ' यासारखें होतें. जुन्या लेखनांतील लांब 'स्' आणि 'फ्' यांत एका आडव्या रेघेचा फरक. उच्चारांतून 'फ्' लुप्त होत असतां वाचणारांनीं त्यास 'स्' मानलें, व तो ध्वनि शिंकेस शोभल्यामुळें टिकला, असें कोशकारांचें मत आहे. प्रयोग रूढ झाला म्हणजे तो शब्दच. तेथें भूत म्हणून बोट दाखविणें व्यर्थ आहे. कोणी अशा रूढ शब्दांस हांकलून देण्याचा आग्रह धरतात, तो मला पटत नाहीं.

हीं सर्व जुन्या काळचीं अज्ञानें, असा समज होऊं नये म्हणून अमेरिकेंतील एक गोष्ट सांगतों. वेब्स्टरच्या महाकोशाच्या १९३४ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत 'डॉर्ड' असा शब्द आहे, अर्थ 'घनता'. रसायनशास्त्राच्या संपादकांनीं जुलै १९३१ मध्यें एक चिठ्ठी पाठविली होती कीं, मोठा 'डी' अथवा लहान 'डी' हें अक्षर घनतेचें संक्षिप्त चिन्ह आहे. इंग्रजींत 'अथवा' यास 'ऑर' म्हणतात. 'डी', 'ऑर', 'डी' हीं तिन्ही एकत्र वाचलीं गेलीं आणि चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यांत न जातां शब्दांच्या गठ्ठ्यांत गेली. फेब्रुवारी १९३९ मध्यें एका संपादकास या शब्दापुढें व्युत्पत्ति नाहीं असें आढळलें, तेव्हां शोध लागला. तो कोशांतून निघाला १९४७ च्या सुमारास. नामांकित विद्वानांच्या देखरेखीखालीं विसाव्या शतकांत हें घडलें. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या होत्या, म्हणूनच चूक कोणत्या महिन्यांत व कशी झाली हेंही सांगतां आलें. ऑक्सफर्डच्या कोशकारांनीं तर १९३३ च्या पुरवणींत अशा खोट्या शब्दांची स्वतंत्र यादीच जोडली, म्हणजे पुन्हां कोणी त्यांस खरे समजून उचलूं नये.

शेवटीं एक शब्द असा घेतों कीं जो प्रत्येक शिक्षकाच्या पांचवीस पुजलेला असतो. 'सिलॅबस', म्हणजे अभ्यासक्रम. सिसरो यानें अ‍ॅटिकस यास लिहिलेल्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांस लावावयाच्या चर्मपत्राच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख आहे. तेथें मूळ ग्रीक शब्द 'सिट्टिबा' याचें रूप होतें. पंधराव्या शतकाच्या छापील प्रतींत तें बिघडून 'सिलॅबोस' झालें. लोकांनीं त्याचा संबंध 'एकत्र घेणें' या अर्थाच्या ग्रीक धातूशीं जोडला, व सतराव्या शतकाच्या मध्यास शब्द इंग्रजींत शिरला. तेथून तो विद्यापीठांत गेला, आणि आतां मराठी मुलेंही परीक्षेच्या वेळीं तोच उच्चारतात. मूळची 'सिट्टिबा' मात्र आपल्या ओळखीची वस्तु आहे. दप्तरांतील प्रत्येक रुमालास आंत काय आहे हें लिहून जी चिठ्ठी बांधतात, तीच ती.