दुरुस्ती-संच, रोड सायकलचा

रोड सायकलवरून लांबच्या फेरीला निघताना वाटेतल्या बिघाडासाठी सोबत घेतलेली हत्यारे आणि सुटे भाग. सायकलस्वारांच्या बोलण्यात यालाच ‘टूलकिट’ म्हणतात. साध्या संचात एक-दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, ठिगळांची डबी, छोटा हातपंप, मल्टिटूल आणि साखळीची जोडकडी एवढ्या वस्तू येतात. त्या खोगिराखालच्या पिशवीत किंवा जर्सीच्या पाठीमागच्या खिशांत मावतात. संच किती मोठा आहे यापेक्षा तो आपल्याच सायकलला बसतो का आणि त्यातली प्रत्येक वस्तू घरी एकदा तरी वापरून पाहिली आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

इतिहास : हवा भरलेले टायर आले आणि त्यांच्यासोबत पंक्चरही आले. डनलॉप यांचा टायर १८८८ चा. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, त्यामुळे पंक्चर काढायला तासन्‌तास लागत. मिशलँ बंधूंनी १८९१ मध्ये काढता-घालता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ याने तो वापरून पहिली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली.

तूर द फ्रान्सच्या आरंभीच्या काळात दुरुस्ती स्वतःच करावी, कोणाची मदत घेऊ नये, असा कडक नियम होता. स्वार सुटे टायर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे खांद्यांभोवती गुंडाळून चालवत. १९१३ च्या शर्यतीत पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरांहून अधिक चालत सांत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. भाता हलवायला एका मुलाचा हात लागला म्हणून त्याला दहा मिनिटांचा दंडही झाला (तो पुढे कमी करण्यात आला). जिंकण्याची संधी तर केव्हाच गेली होती, तरी तो शर्यत पूर्ण करूनच थांबला. आजच्या शर्यतींत स्वारांच्या मागे टपावर सायकली लादलेल्या गाड्या धावतात. त्यामुळे संच ही आता मुख्यतः हौशी आणि दीर्घपल्ल्याच्या स्वारांची गरज उरली आहे.

ब्रेव्हे : स्वावलंबनाचा तो जुना दंडक आज पाळला जातो तो ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्यांमध्ये. २००, ३००, ४०० आणि ६०० किमी.ची ही अंतरे अनुक्रमे साडेतेरा, २०, २७ आणि ४० तासांत पुरी करायची असतात. ही शर्यत नव्हे, इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मदतीची गाडी नेमलेल्या थांब्यांखेरीज वाटेत कुठेही चालत नाही. मुंबई, पुणे, नाशिक या भागांतून ब्रेव्हे नियमित होतात आणि रात्री दोन वाजता घाटात सायकल बंद पडली, तर दुकान उघडे मिळण्याची आशा नसते. सहस्वाराने ट्यूब दिली तर ती घेता येते, पण त्याच्या भरवशावर निघणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

पंक्चर : दहांपैकी नऊ वेळा संच उघडावा लागतो तो यासाठीच. रस्त्यात ठिगळ लावत बसू नये. ट्यूब बदलावी, जुनी घडी करून ठेवावी आणि तिला ठिगळ घरी लावावे. चाक मागचे असेल तर साखळी आधी सर्वांत लहान चक्रावर आणावी, म्हणजे चाक सहज सुटते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून कारण शोधायलाच हवे. आपल्याकडे हे कारण बहुधा बाभळीचा काटा असते, नाहीतर महामार्गावर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून सुटलेली केसाएवढी तार. ही तार बाहेरून दिसत नाही, बोटालाच टोचते. ती काढली नाही तर नवी ट्यूब पुढच्या किलोमीटरभरात बसते आणि मग हातात काहीच उरत नाही. पावसाळ्यात ओल्या रबराला खडी लवकर चिकटते आणि रुतते, म्हणून तेव्हा एका ट्यूबऐवजी दोन घ्याव्यात. टायरची बाजूच फाटली असेल तर जुन्या टायरचा बोटभर तुकडा आतून लावल्यास घरापर्यंत येता येते.

टायरची कड रिमवर चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करावा आणि व्हॉल्व्ह एकदा वर ढकलून पाहावा, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटत नाही. ठिगळ लावताना जागा सँडपेपरने खरवडून सोल्युशन लावावे आणि ते वाळू द्यावे. ओल्यावरच ठिगळ दाबणे हे ते सुटण्याचे नेहमीचे कारण. सोल्युशनची नळी एकदा फोडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते, ही गोष्ट नेमकी रस्त्यात कळते.

व्हॉल्व्ह आणि हवा : रोड सायकलच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. आपल्या रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असते. त्याचा हात कितीही तयार असला तरी ही नळी प्रेस्टावर बसत नाही. दोन ग्रॅमचा पितळी अडॅप्टर जवळ असला की गावोगावचा कॉम्प्रेसर आपल्या कामी येतो. संचातली ही सर्वांत स्वस्त वस्तू महाराष्ट्रात सर्वांत मोलाची ठरते. २५ ते २८ मिमी. रुंदीच्या टायरला साधारण ७० ते ९० पीएसआय दाब लागतो. तेवढा भरायला हातपंपाचे शंभराहून अधिक दट्टे मारावे लागतात. कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळकांडी हेच काम काही सेकंदांत करते. मात्र हा वायू रबरातून लवकर झिरपतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी टायर मऊ लागतो आणि नळकांडी संपली की संपली. पंप असावाच, नळकांडी सोबतीला. ट्यूबलेस टायरवाल्यांनीही एक ट्यूब बाळगावी, कारण मोठी चीर सीलंटने भरत नाही.

इतर भाग : मल्टिटूलमध्ये ४, ५ आणि ६ मिमी.चे षटकोनी पाने, टी-२५ आणि साखळी तोडायचे हत्यार हवे. जोडकडी आपल्या साखळीच्याच गतीची घ्यावी, ११ स्पीडची कडी १२ स्पीडला चालत नाही. सायकल उजव्या अंगावर पडली की मागच्या डेरेलरचा हँगर वाकतो किंवा तुटतो. मुद्दाम मऊ धातूचा केलेला हा तुकडा फ्रेमगणिक वेगळा असतो आणि बाजारात पटकन मिळत नाही, म्हणून ६०० किमी.साठी तो नेणे शहाणपणाचे. त्याच अंतरासाठी ब्रेक पॅड, गिअरची तार आणि दोन-तीन झिप टायही न्यावेत. रात्रीसाठी दुसरा मागचा दिवा घ्यावा.

ठेवण : पिशवीत ट्यूब मल्टिटूलला घासत राहिली तर तिला तिथल्या तिथेच भोक पडते. कोपऱ्यावर झिजलेली अशी ‘नवी’ ट्यूब अंधारात टायरमध्ये घालून शंभर दट्टे मारल्यावर हवा न थांबणे, हा अनुभव बऱ्याच स्वारांच्या वाट्याला आलेला आहे. म्हणून ट्यूब जुन्या मोज्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत थोडी टाल्कम पावडर टाकून गुंडाळावी. मोजा चाक हाताळताना हातमोजा म्हणूनही कामी येतो.