ब्रेकच्या नळीतला इतिहास

जुनी मोटार दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायची, तर ब्रेकचे काम टाळता येत नाही. कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी चिमट्यासारखा पकडणारा भाग, गंजून जखडलेला असतो. तेलाच्या नळ्या कुजलेल्या असतात. मेकॅनिक हे सगळे बदलतो, नवे ब्रेक ऑईल भरतो आणि नळीतली हवा काढतो. हे काम करताना तो काही नियम कटाक्षाने पाळतो. ते का, हे आपण इतिहासाच्या आधाराने पाहू.

मूळ तत्त्व आपल्या पाठ्यपुस्तकातलेच आहे. बंद जागेतील द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. या नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये घेतले. समजा, पेडलजवळचा दट्ट्या ३ चौ. सें.मी. आणि कॅलिपरमधला १५ चौ. सें.मी. आहे, मग बल पाचपट मिळते. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या १ मि.मी. सरकायला लहान दट्ट्या ५ मि.मी. सरकवावा लागतो.

सुरुवातीच्या मोटारींत ब्रेक ओढायला सळ्या आणि तारा असत. चारही चाकांवर सारखा ताण ठेवणे अवघड होते. एका बाजूला जास्त ओढ बसली की गाडी तिकडे वळे. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने सळ्यांऐवजी द्रव वापरला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. मात्र त्याच्या कातडी सीलमधून गळती होई. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत त्यांच्या जागी रबरी सील आली. खनिज तेलाने हे रबर फुगते. म्हणूनच नाव ‘ऑईल’ असले, तरी नेहमीचे ब्रेक ऑईल हे इंजिनातले तेल नव्हे, आणि ते तेल येथे कधीही चालत नाही.

तबकडीची कल्पना याहूनही जुनी. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते; पण धुळीच्या रस्त्यांवर तांब्याचे पॅड लवकर झिजत. पुढे वेग वाढले तसे ड्रम ब्रेक तापून कमी पकडू लागले. उघडी तबकडी लवकर थंड होते. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली. सरासरी वेग प्रथमच ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६१ कि.मी.च्या वर गेला.

उष्णता मात्र तेलापर्यंतही पोचते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी शिरल्यावर मात्र १४० अंशांची हमी उरते. लांब घाट उतरताना तेल उकळले, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. मग पेडलचे सारे सरकणे वाफ दाबण्यातच खर्च होते आणि पाय तळाला टेकतो. राहिलेली हवाही हेच करते. म्हणून कॅलिपरवरची हवा काढायची निपल वरच्या बाजूलाच हवी. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला, तर ती खाली जाते आणि बुडबुडा वर अडकून बसतो.

एक धोका तरीही होता. एकच नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक जात. म्हणून अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र मार्ग सक्तीचे झाले.

वर्गात सुया काढलेल्या दोन सिरिंज सलाईनच्या नळीने जोडा. आधी पूर्ण पाण्याने भरून दाबा, मग मोठा बुडबुडा ठेवून दाबा. दुसरा दट्ट्या आता उशिरा आणि कमी का सरकला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. पास्कलचा नियम द्रवाचा आहे. नळीत द्रवाखेरीज दुसरे काही राहू न देणे, हेच मेकॅनिकचे काम. आणि त्यावर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.