नसलेले ९०८ पेशंट

इतिहास म्हटलं की आपल्याला गड, लढाया आणि तह आठवतात. आजचा इतिहास आहे एका संशोधकाच्या शोधनिबंधांच्या यादीचा. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण ही गोष्ट मुळात डेटाची आहे, म्हणून सांगतोय.

यॉन सुडबो हा नॉर्वेतला संशोधक. दंतवैद्यही आणि डॉक्टरही, ऑस्लोच्या रेडियम हॉस्पिटलमध्ये कामाला. विषय तोंडाचा कॅन्सर, त्यातही ल्युकोप्लाकिया, म्हणजे तोंडात येणारा आणि घासून न जाणारा पांढरा चट्टा. तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा यामुळे आपल्याकडच्या डेंटिस्टना हा चट्टा चांगलाच ओळखीचा. बहुतेक चट्ट्यांचा कॅन्सर होत नाही, पण काहींचा होतो. प्रश्न एवढाच की नेमका कुठल्या?

२००१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये सुडबोने उत्तर दिलं. १५० पेशंट घेतले आणि चट्ट्यातल्या पेशींमधला डीएनए मोजला. डीएनएचं प्रमाण नॉर्मल असेल तर ३ टक्के लोकांना कॅन्सर, फारच बिघडलेलं असेल तर ८४ टक्के. इतकं स्वच्छ उत्तर वैद्यकात क्वचितच मिळतं. २००४ मध्ये त्याच जर्नलमध्ये पुढचा निबंध आला: डीएनए बिघडला असेल तर चट्टा कापून काढूनही फारसा उपयोग नाही. विचार करा, समोर बसलेल्या पेशंटला हे सांगायचं म्हणजे काय! या निष्कर्षांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांबरोबर औषधांच्या चाचण्यांची आखणीही सुरू झाली.

मग ऑक्टोबर २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिसरा मोठा निबंध आला. ४५४ कॅन्सरचे पेशंट, ४५४ तुलनेसाठी, एकूण ९०८ जण. निष्कर्ष असा की काही वेदनाशामक गोळ्या बराच काळ घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी दिसतो.

नाताळच्या सुट्टीत नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या कॅमिला स्टोल्टेनबर्ग यांनी तो वाचला. माहिती कुठल्या नोंदणीतून घेतली ते निबंधात लिहिलं होतं. बाईंना ती नोंदणी आतून माहीत होती, आणि तिचा डेटा या माणसाला मिळणं शक्यच नव्हतं. जानेवारी २००६ मध्ये प्रकरण बाहेर आलं. ते ९०८ लोक अस्तित्वातच नव्हते. त्यातल्या २५० जणांचा वाढदिवस एकाच दिवशी होता!

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. ९०८ लोक वर्षभरात वाटले तर एका तारखेला सरासरी अडीच येतात. २५० येत नाहीत. जन्मतारखेच्या कॉलमवर साधी मोजणी चालवली असती तरी हे दिसलं असतं. पण ती चालवणार कोण? निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांसमोर तक्ते आणि मजकूर येतो, मूळ नोंदी येत नाहीत. सहलेखकांपैकीही कुणी त्या नोंदी उघडून पडताळल्या नाहीत. प्रत्येकाने धरून चाललं की आधीच्या माणसाने बघितलं असेल.

स्वीडनचे आंदर्स एकबॉम यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. जून २००६ मध्ये अहवाल आला. तपासलेल्या ३८ निबंधांपैकी १५ मध्ये बनावट किंवा फेरफार निघाला, पीएचडीचा प्रबंधही त्यातच. २००१ च्या निबंधात दोन वेगळ्या पेशंटची म्हणून छापलेली चित्रं एकाच चित्रातून काढलेली होती. निबंध मागे घेतले गेले आणि त्याचा वैद्यकीचा परवाना रद्द झाला.

याच काळातलं दुसरं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. टाटा मेमोरियलमध्ये २००४ ते २०१४ या काळात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ५९६ पेशंटना चाचणीत घेतलं. प्रश्न होता, तोंडातल्या गाठीच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथी काढाव्यात, की त्यात कॅन्सर दिसेपर्यंत थांबावं? २०१५ मध्ये त्याच 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये ५०० पेशंटचा निकाल छापून आला. आधीच काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत, थांबलं तर ६७.५ टक्के. म्हणजे दर १०० जणांमागे साधारण १२ जीव. मानेचं ऑपरेशन कधी करायचं या जुन्या वादाला त्याने ठाम उत्तर दिलं.

छापील पानावर दोन्हीकडचे आकडे सारखेच दिसतात. तक्ता तसाच, टक्केवारी तशीच. फरक एवढाच की मुंबईतल्या प्रत्येक आकड्यामागे केसपेपर घेऊन रांगेत बसलेला, वर्षानुवर्षं तपासणीला परत येणारा एक माणूस होता.

म्हणून कुणी "अमुक डॉक्टरांचे इतके पेपर आहेत" असं म्हणालं की मी आता आधी विचारतो: त्यातले मागे किती घेतले, आणि मूळ नोंदी कुणी पाहिल्यात का? तुम्हीही विचारा. पुढच्या भागात भेटूच.