थेम्सचे पाणी

१८५८ च्या जून महिन्यात लंडनमध्ये कडक उन्हाळा पडला. थेम्सचा ओघ रोडावला, काठचा चिखल उघडा पडला आणि नदीतून अशी दुर्गंधी उठली की, काठावरच्या पार्लमेंटगृहात बसणे सभासदांना दुःसह झाले. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडात भिजवून टांगण्यात आले. उपयोग झाला नाही. तो उन्हाळा इतिहासात 'महादुर्गंधी' या नावानेच ओळखला जातो.

ही घाण नदीत आणून सोडण्याचे श्रेय बरेचसे आरोग्यसुधारकांकडेच जाते. पूर्वी लंडनमधील मैला घरोघरच्या खड्ड्यांत साठे व रात्री उपसून शेतांत खत म्हणून नेला जाई. पुढे पाण्याचे शौचकूप आले आणि खड्डे भरून वाहू लागले. दूषित हवेतून रोग उद्भवतात, अशी त्या काळच्या बहुतेक विद्वानांप्रमाणे एडविन चॅडविक यांचीही दृढ श्रद्धा होती. १८४२ च्या त्यांच्या सुप्रसिद्ध अहवालानंतर खड्डे बुजवावे, घरे गटारांना जोडावी, गटारे धुऊन काढावी, असा उपक्रम सुरू झाला. घरांची दुर्गंधी हटली खरी. पण गटारांची तोंडे थेम्समध्ये होती आणि त्याच थेम्सचे पाणी कित्येक कंपन्या नळांवाटे शहराला पुरवीत होत्या. १८४८-४९ च्या पटकीत लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक माणसे दगावली.

पटकी पाण्यातून पसरते, असे डॉ. जॉन स्नो यांनी १८४९ सालीच लिहिले होते. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा त्यांनी काढावयास लावला, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्याच वर्षी नदीच्या दक्षिणेस त्यांनी केलेले काम त्याहून मोलाचे म्हटले पाहिजे. तेथे एकाच गल्लीतील शेजारशेजारच्या घरांना दोन निरनिराळ्या कंपन्या पाणी देत. लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा १८५२ साली शहराच्या वरच्या अंगास, थेम्स डिटन येथे नेला होता. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीपाशी, शहरातील मैल्याने नासलेलेच पाणी उचलीत होती. स्नो दारोदार हिंडले. पाणी कोणत्या कंपनीचे, हे कित्येक भाडेकरूंना ठाऊकही नसे; तेव्हा पाण्यातील क्षारावरून ते ओळखण्याची युक्ती त्यांनी काढली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब असा निघाला : दर १० हजार घरांमागे लॅम्बेथच्या पाण्यावर ३७ मृत्यू, दुसऱ्या कंपनीच्या पाण्यावर ३१५. गल्ली तीच, हवा तीच, दारिद्र्यही तेच!

तरीही वैद्यकीय मत पालटले नाही. १६ जून १८५८ रोजी, ऐन महादुर्गंधीत, स्नो वयाच्या ४५ व्या वर्षी निवर्तले. पुढच्या काही आठवड्यांतच पार्लमेंटने गटारांचा कायदा संमत केला. हजारो गरिबांच्या मृत्यूंनी जे घडले नव्हते, ते सभासदांच्या नाकांनी घडवून आणले. आणि तेही हवा सुधारण्यासाठी!

जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने नदीला समांतर अशी ८२ मैलांची विटांची भुयारी गटारे बांधली व सारा मैला शहराच्या पूर्वेस, ओहोटीबरोबर सोडण्याची व्यवस्था केली. १८६६ साली पटकी पुन्हा आली, ती मुख्यत्वे या योजनेला अद्याप न जोडलेल्या पूर्व लंडनमध्ये. त्यानंतर लंडनमध्ये तिची मोठी साथ झाली नाही.

मैला नाहीसा मात्र झाला नव्हता. तो खाली सरकला होता. ३ सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिन्सेस ॲलिस' ही उतारूंची आगबोट टक्कर होऊन त्याच गटारमुखांजवळ बुडाली. थोड्याच वेळापूर्वी तेथे मैला सोडलेला होता. सहाशेहून अधिक माणसे त्या पाण्यात मेली, तेव्हा कोठे मैल्यातील गाळ वेगळा काढण्याची निकड पटली. पुढेही शहर वाढतच गेले आणि १९५७ साली लंडनजवळची थेम्स जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत ठरविण्यात आली. नंतरच्या शुद्धीकरणाने तीत मासे परतले. परंतु बॅझलजेटची गटारे सुमारे ४० लाख वस्तीच्या हिशेबाने बांधलेली. आजच्या सुमारे ९० लाख वस्तीच्या लंडनमध्ये थोड्या पावसानेही ती नदीत ओसंडत. त्यासाठी नदीखालून खोदलेल्या २५ किलोमीटरच्या बोगद्याची शेवटची जोडणी २०२५ च्या फेब्रुवारीत झाली.