महासंगणकाच्या खोलीची किल्ली

जालना शहराजवळ इंदेवाडीला उपग्रहांवर लक्ष ठेवणारं एक सरकारी केंद्र आहे. उपग्रह नेमून दिलेल्या लहरींवरच बोलतो आहे ना, दुसऱ्याच्या संदेशात अडथळा आणत नाही ना, हे तपासण्याचं तिथलं काम. तसं पाहिलं तर रुक्षच. पण अशा केंद्रात ऊठसूट कुणाला जाता येत नाही, आणि फाटकाच्या आत काय चालतं हे दिसेनासं झालं, की माणूस आपल्या मनानंच आतली गोष्ट रचू लागतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी जगभर हेच केलं. त्यांच्या त्या बंद खोलीत बहुतेक वेळा एक महासंगणक असतो, आणि तो एक दिवस माणसाचं ऐकेनासा होतो.

डी. एफ. जोन्स या ब्रिटिश लेखकाची 'कोलोसस' ही कादंबरी १९६६ साली आली आणि १९७० साली तिच्यावर चित्रपटही निघाला. अमेरिका आपली सारी अण्वस्त्रं एका महासंगणकाच्या स्वाधीन करते. कुणी घातपात करू नये म्हणून त्याला डोंगराच्या पोटात अशा बंदोबस्तात ठेवतात, की बनवणाऱ्यांनाही पुन्हा आत जाता येऊ नये. संगणक सुरू होतो आणि थोड्याच वेळात कळवतो, की रशियाकडेही माझ्यासारखाच एक आहे. दोघं एकमेकांशी बोलू लागतात. घाबरलेले राज्यकर्ते त्यांचा संपर्क तोडतात, तेव्हा उत्तरादाखल क्षेपणास्त्रं सुटतात. माणसांना बाहेर ठेवण्यासाठी केलेला बंदोबस्त शेवटी माणसांच्याच मुळावर येतो.

आपल्याकडे मराठीत हा विषय हाताळला तो डॉ. जयंत नारळीकरांनी. 'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबरीत एका प्रयोगासाठी खोल खड्डा खणताना जमिनीखाली एक पेटी सापडते. फार पूर्वी होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीचं ज्ञान तिच्यात साठवलेलं असतं. त्यावरून शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्र घडवतात, त्याचं नाव वामन. कीर्तनात आपण ऐकलेलंच आहे, की बटू दारात येतो आणि तीनच पावलं जमीन मागतो. मागणं एवढंसं वाटतं, आणि बळी राजा हो म्हणतो. इथं यंत्राला हवं असतं आपल्यासारखी आणखी यंत्रं बनवण्याचं स्वातंत्र्य. ते द्यायचं की नाही, यावर कथा उभी आहे. नारळीकरांना यंत्राच्या ताकदीइतकीच काळजी होती ती 'हो' म्हणणाऱ्या माणसाची.

मग खऱ्या इतिहासात काय घडलं? १९८३ सालची २६ सप्टेंबरची मध्यरात्र. मॉस्कोच्या दक्षिणेला एका गुप्त भुयारी केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी पाळीवर होता. संगणकानं इशारा दिला, की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं आहे. पाठोपाठ आणखी चार. दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, त्याला महिनाही झाला नव्हता. दोन्ही देश हातघाईवर आलेले. नियमाप्रमाणे पेत्रोव्हनं वर 'हल्ला' असं कळवायचं होतं. त्यानं विचार केला, अमेरिकेला युद्धच करायचं तर ती पाच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल? त्यानं 'चुकीचा इशारा' असं कळवलं. पुढं चौकशीत निघालं, की उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाला उपग्रहानं क्षेपणास्त्राची ज्वाळा समजलं होतं.

त्या यंत्रानं बंड केलं नव्हतं. नेमून दिलेलं काम ते इमानेइतबारे करत होतं, फक्त चुकलं होतं. आणि ते चुकू शकतं असं म्हणणारा माणूस त्या रात्री खुर्चीत बसलेला होता.

भारतात महासंगणक आला तो शस्त्रांसाठी नव्हे, पावसासाठी. १९८०च्या दशकात आपल्या सरकारला मॉन्सूनच्या अंदाजासाठी अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. पण १९७४च्या पोखरणच्या स्फोटानंतर अमेरिकेच्या मनात शंका होती, की हे यंत्र पावसाचं गणित सोडवेल की बॉम्बचं? बऱ्याच वाटाघाटींनंतर मागितलेल्यापेक्षा कमी ताकदीचं यंत्र मिळालं आणि १९८९ साली ते दिल्लीत सुरू झालं. हवामानाखेरीज दुसऱ्या कशालाही ते वापरायचं नाही, अशी अट होती आणि वापरावर देखरेखही होती. कथेतल्या खोलीला कुलूप यंत्राच्या भीतीनं लागायचं, दिल्लीतल्या खोलीला ते माणसाच्या भीतीनं लागलं.

त्याच सुमारास, १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. तीन वर्षांत स्वदेशी महासंगणक बनवायचा, असं ठरलं. एकच अतिवेगवान संगणक बनवण्याची साधनं आपल्याकडे नव्हती. म्हणून अनेक छोटे प्रक्रियक एकत्र जोडून एकच काम त्यांच्यात वाटायचं, अशी युक्ती निवडली. खेड्यातल्या श्रोत्यांना इर्जिक सांगायला नकोच. चार घरच्या बैलजोड्या एकाच्या शेतात उतरतात आणि आठवड्याचं काम दिवसात उरकतं. तसंच हे. १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला.

पण पावसासाठी एवढं मोठं यंत्र लागतं तरी कशाला? लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश गणितज्ञानं १९२२ साली एका पुस्तकात कल्पना मांडली होती. एक प्रचंड गोल सभागृह, त्यात ६४ हजार माणसं बसलेली, प्रत्येकाकडे पृथ्वीच्या एकेका भागाच्या हवेचं गणित, आणि मधोमध उंचावर त्यांना ताल देणारा एक प्रमुख. यंत्र नव्हतं, म्हणून त्यानं माणसांचाच महासंगणक कल्पिला. स्वतः हातानं केवळ सहा तासांच्या हवेचं गणित करायला त्याला कित्येक आठवडे लागले होते, आणि उत्तरही साफ चुकलं होतं. आजचे महासंगणक तेच काम करतात. पृथ्वीवर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीतलं तापमान, दाब, वारा, बाष्प यांचं गणित पुढं नेत राहायचं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आला, २०२४ साली 'अर्क'. २०२५च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालणारी नवी अंदाज प्रणाली सुरू झाली. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. जालना जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ७७०० चौरस किलोमीटर. म्हणजे पूर्वी आपल्या जिल्ह्यात जेमतेम पन्नासेक चौकटी बसत, आता दोनशेच्या वर बसतात. परतूरला झोडपलं आणि भोकरदनला भुरभुरही नाही, हे आपण नेहमी पाहतो. ते ओळखायला चौकट लहानच हवी.

आता २०१७ सालची एक गोष्ट. त्या वर्षी एप्रिलमध्ये हवामान खात्यानं देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस होईल असं सांगितलं, जूनमध्ये ते ९८ टक्के केलं. प्रत्यक्षात झाला ९५ टक्के. कागदावर अंदाज फारसा चुकला नाही. पण मराठवाड्यात पेरण्या झाल्या आणि पावसानं ओढ दिली. जुलैमध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी चक्क पोलिसांत जाऊन हवामान खात्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरलं आणि बी-खताचे पैसे मातीत गेले, हे त्यांचं म्हणणं.

शहरात या तक्रारीला काही जण हसले. मला मात्र ती या साऱ्या इतिहासातली फार महत्त्वाची नोंद वाटते. साऱ्या देशाच्या चार महिन्यांचा आकडा आणि एका गावात मृगानंतर पाऊस टिकेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला जोडलं गेलं, आणि 'याचा अर्थ तुमच्या शिवारापुरता एवढाच' असं सांगणारं मध्ये कुणी नव्हतं. दुबार पेरणीचा खर्च पडला तो शेतकऱ्याच्याच गळ्यात. त्याला जाब विचारायचा होता. महासंगणकाला काही ठाण्यात बोलावता येत नाही!

हा प्रश्न आता आणखी जवळ आला आहे. २०२५च्या हंगामात केंद्र सरकारनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे काढलेले मॉन्सूनचे अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवले. काम स्तुत्य आहे, यात वाद नाही. त्या वर्षी मेअखेरीसच मॉन्सून महाराष्ट्रात दाखल झाला आणि मग काही काळ अडखळला. अशा वेळी वेळेवर आलेला एक संदेश एकराचं बियाणं वाचवू शकतो. पण उद्या तोच संदेश चुकला, तर बियाण्याच्या पिशवीला हात घालण्याआधी 'थांबा' म्हणणारा कोण?

आपल्याकडे त्यासाठी एक साधी मोजपट्टी आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची कोरडवाहू पेरणी करू नका, असं कृषी विद्यापीठ दर हंगामात सांगतं. ती पाहायला महासंगणक लागत नाही. आपल्या मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा पुरतो, आणि ओल किती खोल गेली ते कुदळीनं उकरून पाहता येतं. पुण्याच्या यंत्राचा अंदाज जरूर ऐकावा, पण पेरणी या दोन्ही गोष्टी पाहून करावी.

आणि सरकारकडे एक मागणी करावी. मोबाइलवर येणाऱ्या प्रत्येक अंदाजासोबत तो खरा ठरण्याची शक्यता किती, हेही मराठीत लिहिलेलं असावं. खाली तालुक्यातल्या एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर असावा, आणि शेतकऱ्यानं विचारलं तर त्याला उत्तर देणं त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असावं. महासंगणकावर कोट्यवधी रुपये खर्च होतात. त्यापुढं या एका माणसाचा पगार जड वाटण्याचं कारण नाही.