गुण किती, बाधा किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

औषधाबद्दल बोलताना आपण मराठी माणसं दोन शब्द हमखास वापरतो. औषधाचा 'गुण येतो' आणि औषध 'बाधतं'. गंमत अशी की हे दोन शब्द आपण सहसा एकाच वेळी उच्चारत नाही. गुण आला की बाधेची आठवण राहत नाही आणि बाधा झाली की आधीचा सगळा गुण विसरला जातो. एकाच औषधाचा गुण आणि त्याची बाधा शेजारी शेजारी मांडायची, आकड्यांत मांडायची आणि मग निर्णय घ्यायचा, ही सवय माणसाला फार उशिरा लागली. त्या सवयीचा थोडासा इतिहास मला आज सांगायचा आहे. त्यातलं एक मोठं प्रकरण आपल्या मुंबईत घडलेलं आहे.

औषध आणि विष यांत फार अंतर नाही, हे पूर्वजांना ठाऊक नव्हतं असं नाही. नीट वापरलं तर जहालातलं जहाल विषही औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधच विष होतं, असं चरकसंहिता सांगते. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस हेच सांगत होता; विष ठरतं ते मात्रेवरून, असं त्याचं म्हणणं. आपल्या घरोघरच्या बायकांनाही हे कळत होतं. बाळगुटी उगाळताना आमची आजी सहाणेवर वेखंडाचा एकच वळसा द्यायची आणि हळकुंडाचे दोन-तीन. ते वळसे म्हणजे तिचं माप होतं. बिब्बा उततो, म्हणून तो शुद्ध केल्याशिवाय पोटात द्यायचा नाही, हेही तिला माहीत होतं. हे ज्ञान अनुभवाचं होतं, मोलाचं होतं. पण त्यात एक उणीव होती. ज्याला गुण आला तो पुन्हा येऊन सांगत असे. ज्याला आला नाही, किंवा जो औषध न घेताच बरा झाला, त्याची नोंद कोणी ठेवत नव्हतं.

ती नोंद ठेवण्याचा एक ठळक प्रयत्न मुंबईत झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता शहर रिकामं होऊ लागलं. ऑक्टोबरात सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला पाठवलं. हाफकिन मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ मध्ये भारतात आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत, हाताशी मोजकी माणसं घेऊन, त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखलं आणि उतरलं.

स्वतःवर प्रयोग करणं हे धाडस होतं, पण त्याने लस बाधते किती एवढंच कळलं. गुण येतो का, हे एका माणसावरून कळणार कसं? तेवढ्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचली, बाकीच्यांना नाही. सगळे एका आवारातले, एकच अन्न खाणारे. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना झाला, दगावला कोणी नाही. कैद्याची संमती ही कितपत खरी संमती, हा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारलाच पाहिजे. जे आपणहून पुढे आले ते मुळातच अधिक धडधाकट असतील, अशीही शंका घेता येईल.

ही दुसरी शंका बऱ्याच अंशी फेडली ती बडोद्याजवळच्या उंढेरा गावाने. तिथे १८९८ च्या आरंभी प्लेग चालू असताना लस देण्यात आली आणि ती देताना प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसं टोचली, निम्मी सोडली. म्हणजे घर तेच, उंदीर तेच, पाणी तेच. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ गेले. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले आणि ३ गेले. लस घेऊनही तीन माणसं गेली, हे हाफकिन यांनी लपवलं नाही. त्या आकड्यांचं मोल माझ्या मते यातच आहे.

पण आकडे कागदावर राहतात आणि लोक अनुभवावर चालतात. त्याच काळात पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत सोजीर घुसत होते. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ज्या सरकारने घराचा उंबरठा जुलमाने ओलांडला, त्याच सरकारची सुई दंडात का टोचून घ्यायची, असं लोकांना वाटलं तर त्यात नवल नव्हतं. आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला जागा दिली, तेव्हा त्यांच्या अनुयायांतली भीती कमी झाली. औषधाचा हिशेब कितीही चोख असला, तरी तो मांडणाऱ्यावर विश्वास नसेल तर माणसं तो वाचत नाहीत.

पुढे त्या विश्वासावरच घाव बसला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या एकाच बाटलीतून ज्यांना लस दिली गेली होती, ते १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी बसली. दोष परळच्या प्रयोगशाळेत झाला, असा ठपका आला आणि हाफकिन यांना बाजूला केलं गेलं. पण त्या गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. दोष परळहून आला असता, तर एवढ्या दिवसांत बाटलीत धनुर्वाताचे जंतू माजून तिला दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटलेली नव्हती. मलेरियावर काम करणारे रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण लावून धरलं. १९०७ मध्ये दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं आणि हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

आता मुल्कोवालच्या १९ मृत्यूंचा हिशेब कसा करायचा? लसीने लाखोंना वाचवलं, मग एकोणीसांचं काय एवढं, असं म्हणणं निर्दयपणाचं होईल. आणि एकोणीस मेले म्हणून लसच टाकून द्यायची, तर त्या वर्षांत प्लेगने गावंच्या गावं ओस पडत होती. दोष औषधाच्या गुणधर्मात होता की बाटली हाताळण्यात, हे वेगळं काढणं म्हणूनच महत्त्वाचं. पहिला असेल तर औषध बदलावं लागतं, दुसरा असेल तर शिस्त.

शिस्त मोडली की काय होतं, याचा इतिहास दुर्दैवाने अजून संपलेला नाही. १९३७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फा औषधाचं पातळ रूप काढलं. सल्फा गुणकारी होतं, पण ते विरघळवलं होतं डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये. हे रसायन मूत्रपिंडं निकामी करतं. गोड चव घातली, वास घातला. फक्त बाधा तपासली नाही, कारण तपासायला हवी असा कायदाच नव्हता. शंभरावर माणसं गेली, त्यांत अनेक मुलं. १९३८ मध्ये तिथे कायदा झाला, की विकण्याआधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा. आपल्याकडे चोप्रा समितीच्या शिफारशींनंतर १९४० मध्ये औषधांचा कायदा आला. तरीही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतचा कारभार उघडा पाडला. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपमुळे मुलं गेली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुलं खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. लहान मुलाचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. म्हणजे मिळणारा गुण नगण्य आणि बाधा जिवावरची.

इथे या इतिहासातला मुख्य धडा येतो. औषधाची बाधा एकच असली, तरी ती सोसावी की नाही, हे आजारावर ठरतं. थॅलिडोमाइडचं उदाहरण घ्या. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते झोपेचं निर्धोक औषध म्हणून बाजारात आलं. गरोदर बायकांनी मळमळीसाठी ते घेतलं आणि दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते मागे घ्यावं लागलं. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा म्हणून परवानगी अडवून धरली आणि तिथली मुलं मोठ्या प्रमाणात वाचली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९६४ मध्ये जेरुसलेमला डॉ. शेस्किन यांना आढळलं, की कुष्ठरोगात येणाऱ्या एका अतिशय वेदनादायी प्रतिक्रियेवर हेच औषध विलक्षण गुण देतं. पुढे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावरही ते उपयोगी ठरलं. आज ते कडक बंधनं पाळून, गरोदरपणाची शक्यता पूर्ण टाळून दिलं जातं. रसायन तेच. मळमळीसाठी ते पाप होतं, कुष्ठरुग्णासाठी दिलासा आहे.

हाच धडा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांना लावून पाहू. भाज्या-फळं खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, असं पाहणीत आढळत होतं. मग गाजरातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर? विचार तर्काला धरून होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावा लागला, कारण तिथे हा आकडा २८ टक्के होता. गाजर निर्दोष आहे, मंडळी. पण गाजरातला एक पदार्थ काढून मोठ्या मात्रेत, सिगारेट ओढणाऱ्याला वर्षानुवर्षं दिला, की तो गाजर राहत नाही, औषध होतो. आणि औषध म्हटलं की बाधा आलीच.

'नैसर्गिक' या शब्दाने आपण फार लवकर निर्धास्त होतो. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. करोनाच्या काळात लोकांनी प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे प्यायला सुरुवात केली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले असे सहा रुग्ण नोंदवले. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे हे झालं असावं, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. पुढे देशातल्या अनेक शहरांतून मिळून ४३ रुग्णांची नोंद झाली. वेल कोणती हा वाद महत्त्वाचाच आहे, पण बाटली विकत घेणाऱ्याला ती ओळखता कशी यावी? आणि हे काढे घेणारी बहुतेक माणसं आजारी नव्हती. आजारी माणूस औषध घेतो तेव्हा त्याच्याकडे मिळवण्यासारखं खूप असतं. निरोगी माणसाकडे मिळवण्यासारखं थोडं आणि गमावण्यासारखं पुष्कळ असतं. म्हणून निरोगी माणसाला द्यायच्या वस्तूला, मग ती लस असो की शक्तीची पावडर, पुरावा अधिक कडक लागला पाहिजे. लसीला तो द्यावा लागतो. पूरक आहाराच्या डब्यावर मात्र आपल्याकडे अन्नाचा कायदा चालतो, औषधाचा नाही. गुण येतो हे दाखवणाऱ्या चाचण्या त्याला विक्रीपूर्वी द्याव्या लागत नाहीत.

याचा अर्थ पूरक गोळ्या वाईट, असा नाही. रक्तक्षय असलेल्या बाईला लोह हवंच. गर्भ राहण्याआधीपासून घेतलेलं फॉलिक ॲसिड बाळाच्या मज्जारज्जूतलं व्यंग टाळतं, हे चाचण्यांनी सिद्ध झालं आहे. तिथे उणीव ठाऊक आहे, मात्रा ठाऊक आहे, गुणही मोजलेला आहे.

उंढेरा गावाने शिकवलेले प्रश्न साधेच आहेत. हे औषध न घेणाऱ्यांचं काय झालं? घेणाऱ्यांत किती जणांना बाधलं? सांगणारा विकणाराच आहे का? आपणही या हिशेबात भर घालू शकतो. २०१० पासून आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. औषध बाधलं तर रुग्ण स्वतःसुद्धा १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवू शकतो. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, गोळ्या, काढे, चूर्णं, पावडरीचे डबेसुद्धा एका पिशवीत घालून सोबत न्या. आपण नेमकं काय काय घेतो, हे त्या टेबलावर एकदा सगळं मिळून दिसू द्या.